जुन्या पिकअपचा चेक इंजिन दिवा लागला तर काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

सातारा-सांगली भागात जुनी पिकअप घेणारा माणूस बहुधा धंद्यासाठीच घेतो. तासगावची द्राक्षं, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, दूध, खत, बियाणं. गाडी एक दिवस उभी राहिली तरी भाडं बुडतं, कधी माल नासतो. म्हणून डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं की माणूस घाईने दिसेल त्या गॅरेजात शिरतो. स्कॅनर लागतो, स्क्रीनवर एखाद्या सेन्सरचं नाव येतं आणि तो सेन्सर बदलला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, मग दुसरा सेन्सर.

मी स्वतः जुनी पिकअप चालवतो आणि ओळखीच्या गाडीवाल्यांच्या गाड्या स्कॅन करून देतो. त्यात वारंवार दिसतं ते असं: काढून टाकलेला सेन्सर चांगला असतो, आणि बिघाड वायरीत, कपलरात, फाटलेल्या रबरी पाइपात किंवा डिझेल फिल्टरमध्ये असतो. (कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग.) इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कुठलं माप पटलं नाही एवढंच कोड सांगतो. ते माप का चुकलं हे गाडीजवळ बसून शोधावं लागतं. त्यातलं बरंचसं काम नवख्या माणसालाही जमतं. गॅरेजला जावंच लागलं तरी निदान काय विचारायचं ते कळतं.

हा लेख कॉमन रेल डिझेल पिकअपसाठी आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना 'रेल' नावाच्या एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा गाडीसाठी. आपल्याकडच्या बोलेरो पिकअप, झेनॉन, योद्धा, दोस्त अशा गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या मॉडेलांना तो लागू पडेल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डीआय इंजिनात डिझेल सोडण्याचं काम ईसीयू करत नाही, तिथे स्कॅनरचा फारसा उपयोग नाही. देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. २०१७ नंतरच्या गाडीत कोड वाचायला सहसा अडचण येत नाही. त्याआधीच्या काही गाड्यांत स्कॅनर जोडायचं सोळा पिनांचं सॉकेट असतं, पण साध्या अ‍ॅडॅप्टरला गाडी उत्तर देत नाही. अशा गाडीसाठी कंपनीचा किंवा गॅरेजातला मोठा स्कॅनरच लागतो.

१. आधी दिवा नीट ओळखा

पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा म्हणजे चेक इंजिन. लाल तेलाची झारी दिसली तर ऑइल प्रेशरचा प्रश्न आहे. गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा, पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका. लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलंय, लाल बॅटरी म्हणजे चार्जिंग होत नाही. स्प्रिंगसारखं पिवळं वेटोळं थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगचं असतं, ते थंड इंजिनावर चावी फिरवल्यावर थोडा वेळ दिसून जाणं बरोबर आहे. काही गाड्यांत डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा वेगळा दिवा असतो, त्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे पंप आणि इंजेक्टरचा खर्च उभा राहतो.

आता चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर तो लागतच नसेल तर आनंद मानू नका. मीटरमधला बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. जुनी गाडी विकताना हा प्रकार होतो, म्हणून गाडी बघायला गेलात की पहिली तपासणी हीच करा.

२. चालवायची की थांबवायची

दिवा सतत पेटलेला आहे, गाडी नेहमीसारखी ओढते, धूर वाढलेला नाही, तापमान ठीक आहे: अशा वेळी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल, इंजिन धक्के देत असेल, काळा किंवा पांढरा धूर लोटत असेल, डिझेलचा उग्र वास येत असेल तर थांबा.

ताकद एकदम कमी झाली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जात नसेल तर गाडी लिम्प मोडला गेली आहे. इंजिन वाचवण्यासाठी ईसीयूने स्वतःच ताकद कमी केलेली असते. बरेच ड्रायव्हर अशा वेळी चावी बंद-चालू करून तात्पुरती ताकद परत मिळवतात. सपाट रस्त्यावर थांबून एकदा तसं करणं वेगळं. भरलेली गाडी घेऊन खंबाटकी, पसरणी किंवा कुंभार्ली घाटात चालत्या गाडीची चावी कधीही बंद करू नका. या गाड्यांत ब्रेक बूस्टरला लागणारं व्हॅक्युम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतं. इंजिन बंद पडलं की दोन-तीन वेळा पाय मारेपर्यंत ब्रेक हलका राहतो, नंतर दगडासारखा कडक होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, चाकाला दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा.

३. दिवा कधी लागला ते लिहून ठेवा

ही पायरी सगळे टाळतात, आणि निम्मं निदान इथेच होतं. वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहा:

- इंजिन थंड होतं की गरम, गाडी रिकामी होती की भरलेली, चढ होता की सपाट
- पाऊस होता का, आदल्या दिवशी इंजिन प्रेशरने धुतलं होतं का
- शेवटचं डिझेल कधी, कुठे भरलं. पंपावर भरलं की कॅनमधून
- अलीकडे कुणी हात लावला: फिल्टर, क्लच, टेप, हॉर्न, जादा लाइट, जीपीएस

वॉशिंग सेंटरवर इंजिनावर जोरात पाणी मारल्यावर एक-दोन दिवसांत दिवा लागला, तर कपलरात पाणी गेल्याचा संशय सगळ्यात आधी घ्या. डिझेल भरल्यानंतर लगेच गाडी ओढेनाशी झाली तर फिल्टरकडे बघा. चढावरच दिवा लागत असेल तर डिझेलचा पुरवठा किंवा टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) हवा कमी पडतेय. फक्त गरम झाल्यावर बंद पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) आणि त्याची वायर तपासायची.

४. सामान आणि कागद

ईएलएम ३२७ प्रकारचा ओबीडी अ‍ॅडॅप्टर (गाडीतले कोड फोनवर दाखवणारा) घ्या, ऑनलाइन साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. अँड्रॉइड फोन असेल तर ब्लूटूथचा चालतो. आयफोनला वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो, साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर जोडला जात नाही. काम झालं की अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा, रात्रंदिवस लावून ठेवला तर बॅटरी उतरते.

सोबत एक डिजिटल मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्च, पाना-पेचकस, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडे जादा फ्यूज, दोन हात पारदर्शक डिझेल पाइप, आणि चांगले हातमोजे.

कागदांत आरसी, मागची बिलं आणि गाडीचं ओनर्स मॅन्युअल जवळ ठेवा. मॅन्युअलमध्ये फ्यूज बॉक्सचा नकाशा असतो, तो नसेल तर वायरमनलाही अंदाजाने काम करावं लागतं. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल आणि मॅन्युअल हरवलं असेल तर त्याच वर्षाच्या गाडीवाल्याकडून त्या पानाचा फोटो मागून घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर एकच आहे ना तेही बघा. बदललेल्या इंजिनावर दुसऱ्या मॉडेलचे सेन्सर असू शकतात, मग मागवलेला पार्ट बसत नाही.

५. बॅटरी आणि अर्थिंग

स्कॅनर लावण्याआधी हे करा. व्होल्टेज कमी पडलं की ईसीयू एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम देतो आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना साधारण १० च्या खाली पडू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आणि अशी गाडी चालवली तर ईसीयू जळू शकतो.

अर्थिंग तपासायची सोपी पद्धत आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त आला तर इंजिनाची अर्थ पट्टी गंजली आहे किंवा नट सैल आहे. हीच तपासणी निगेटिव्ह खांब आणि चासी यांच्यातही करा. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळली की बऱ्याच गाड्यांचे अर्धे कोड तिथेच जातात.

६. कोड वाचा, पुसू नका

सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगखाली कुठेतरी असतं. अ‍ॅडॅप्टर लावा, चावी ऑन करा, फोनमधलं ओबीडी अ‍ॅप उघडून जोडा. जोडलं गेलं नाही तर सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे व्होल्ट येतात का आणि ४ व ५ नंबरला अर्थ आहे का ते मीटरने बघा. १६ नंबरला करंट नसेल तर बहुधा फ्यूज उडालेला असतो. टेप बसवणाऱ्याने तिथूनच वायर घेतल्याचंही दिसतं.

कोडात एक अक्षर आणि चार आकडे असतात. सुरुवातीचं 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'यू' म्हणजे कॉम्प्युटरांमधलं बोलणं तुटलंय. 'पी' नंतर शून्य असेल तर त्या कोडाचा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच. 'पी१' ने सुरू होणारा कोड कंपनीचा स्वतःचा असतो. अ‍ॅप त्याचा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीतून दाखवू शकतं, त्यावर विसंबून पार्ट आणू नका.

सगळ्या कोडांचा फोटो काढा. मग फ्रीझ फ्रेम उघडा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, स्पीड, इंजिनाचं तापमान, लोड किती होता हे त्यात साठवलेलं असतं. तिसऱ्या पायरीत लिहिलेल्या नोंदीशी ते ताडून बघा. कोड पुसला की ही माहितीही जाते, आणि मग दिवा परत लागेपर्यंत हातात काही उरत नाही. "आधी पुसून बघू, परत आला तर या" असं सांगणाऱ्या गॅरेजात किमान फोटो काढल्याशिवाय पुसू देऊ नका.

कोड जास्त असतील तर पी०५६२ (व्होल्टेज कमी) किंवा पी०६४१, पी०६५१ (सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा) यांपैकी काही आहे का ते आधी बघा. अनेक सेन्सर एकाच ५ व्होल्टवर चालतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचे सगळे चुकीचं माप देतात. चावी ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत.

७. नेहमी भेटणारे कोड

पी००८७, रेल प्रेशर कमी. मालवाहू पिकअपमधला सगळ्यात महागात पडणारा कोड हाच, कारण तो दिसला की थेट पंप किंवा सगळे इंजेक्टर काढायचा सल्ला मिळतो. टाकीपासून सुरुवात करा. टाकीचं झाकण उघडून चालवून बघा. उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा ओढू लागली तर झाकणातलं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय. पुढे डिझेल फिल्टर. शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलाच. खालचा स्क्रू सैल करून पाणी काचेच्या बाटलीत काढा. डिझेल वर आणि पाणी खाली वेगळं दिसतं. शेतावर ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यात पाणी आणि कचरा दोन्ही येतात. रॉकेल मिसळलेलं डिझेल तर कॉमन रेलच्या पंपाला मारकच, कारण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

नंतर हवा. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या कमी दाबाच्या पाइपाच्या जागी पारदर्शक तुकडा घाला आणि क्लिप नीट आवळा. इंजिन चालू असताना सतत बुडबुडे दिसले तर मागून कुठूनतरी हवा ओढली जातेय: फिल्टरची रबर रिंग, सैल क्लिप, तडकलेला पाइप. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम असतं.

एवढं ठीक निघालं तरच इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलची तपासणी. सगळ्या इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना सारख्या लांबीच्या नळ्या जोडून तेवढ्याच सारख्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटं चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा फार लवकर भरली तर तो इंजेक्टर गळतोय. सगळे एकसारखं थोडं देत असतील तर इंजेक्टर सोडून पंप आणि त्याच्या मीटरिंग व्हॉल्व्हकडे (रेलला जाणारं डिझेल कमी-जास्त करणारा) वळा. पहिल्या वेळी ही तपासणी जाणत्या मिस्त्रीसोबत करा. फिल्टर कापून बघितल्यावर आत चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर पंप आतून झिजतोय. तसं असेल तर नुसते नवे इंजेक्टर बसवून उपयोग नाही, चुरा त्यांनाही खाऊन टाकतो. टाकी, पाइप, रेल सगळं साफ करावं लागतं.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत कुठला सिलिंडर मारत नाही हे बघायला मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचे. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. रेलमध्ये आयडललाच दोनशे-तीनशे बार दाब असतो, लोडवर हजाराच्या खूप वर जातो. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी फोडून आत जाते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत राहतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि "उच्च दाबाचं डिझेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगा. हात वाचवायला शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायलाही चालू इंजिनावर हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा.

पी०२९९, टर्बोची हवा कमी. चढाला ओढत नाही आणि काळा धूर, अशी जोडी असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी होज बघा. फाटलेल्या जागी तेलकट काळा डाग असतो, रेस केल्यावर फुसफुस ऐकू येते. फट बऱ्याचदा होजच्या खालच्या बाजूला असते, तिथे हात घालून चाचपावं लागतं, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. क्लिप, टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरचा बारीक व्हॅक्युम पाइप आणि एअर फिल्टर तपासा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांच्या धुळीने फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. एवढं करूनही कोड गेला नाही तरच टर्बो उघडायचा.

पी०४०१, ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतून) वायू कमी. बहुतेक वेळा काजळी धरलेली असते. व्हॉल्व्ह काढून साफ करा, गॅस्केट नवं लावा, व्हॅक्युम पाइप तपासा. कार्बोरेटर क्लीनर ईजीआरला चालतो, पण तोच स्प्रे हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर मारू नका. त्याच्यासाठी वेगळा क्लीनर मिळतो, आणि कॉम्प्रेसरची हवा तर त्यावर अजिबात नको. ईजीआरला पत्रा लावून कायमचा बंद करून देणारे भेटतील. त्याने नवे कोड येतात, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं.

पी०११७, पी०११८, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. सेन्सर खराब की वायर, हे इथे फुकटात कळतं. अ‍ॅपमध्ये कूलंट तापमान लावा, चावी ऑन करा आणि सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. आता कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, आकडा एकदम वर गेला पाहिजे. दोन्ही वेळा आकडा हलला तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. हलला नाही तर सेन्सर विकत घेऊन काही होणार नाही, वायर शोधा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला वापरायची. तीन वायरींच्या सेन्सरच्या पिना एकमेकींना जोडल्या तर नुकसान होईल.

पी०३३५, क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना अ‍ॅपवर आरपीएम शून्यच दिसत असेल तर सिग्नल येत नाही. सेन्सर काढून टोकावरचा लोखंडी चुरा पुसा, वायर कुठे घासली किंवा भाजली आहे का बघा.

पी०५७१, पी०५०४, ब्रेक स्विच. मागचे ब्रेक लाइट नीट लागतात-विझतात का ते बघा. पेडलजवळचा स्विच स्वस्तात मिळतो.

पी०३८०, ग्लो प्लग. आपल्याकडच्या हवेत याने गाडी सहसा अडत नाही, थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास होतो. फ्यूज आणि रिले बघा.

बीएस-६ गाडीत पी२४६३ आला तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साचली आहे. गावातल्या गावात दूध गोळा करणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो, कारण सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. दिवा नवा असेल तेव्हाच हायवेवर एका गतीने मोठी फेरी मारा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइलच वापरा.

८. वायरिंग, आणि पुराच्या पाण्यातली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कृष्णा-वारणा काठच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. साफ करून, रंग मारून त्यातल्या बऱ्याच पुन्हा रस्त्यावर आल्या. अशा गाडीचं इंजिन चांगलं चालतं, पण तांब्याच्या वायरी आतून हिरव्या पडत जातात आणि वर्षानुवर्षं वेगवेगळे कोड येत राहतात. सीटचे बोल्ट गंजलेले, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर मातीचा पट्टा, डॅशबोर्डखालच्या कपलरात हिरवट पावडर, फ्यूज बॉक्सच्या मागे वाळलेला गाळ: ही लक्षणं दिसली तर सेन्सरांवर पैसे घालण्याआधी सगळे कपलर उघडून साफ करा.

दुसरा शत्रू उंदीर. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर वायरिंगची पट्टी उलगडून बघा.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग कपलर सोडवा. पिना वाकल्या आहेत का, मागे सरकल्या आहेत का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, जोडा. त्यानंतर इंजिन चालू करून अ‍ॅपवर त्या सेन्सरचं माप समोर ठेवा आणि पंखा-बेल्टपासून हात व बाही दूर ठेवून वायरिंग हलक्या हाताने हलवा. आकडा उडी मारेल तिथे तुटकी वायर आहे. जोड देताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, आणि हीट श्रिंक नळी लावा. पावसाळ्यात फरक कळतो.

९. दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. ज्या परिस्थितीत दिवा लागला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवा. चढावर भरलेली असताना लागत असेल तर रिकाम्या गाडीने गावात फेरी मारून काही सिद्ध होत नाही. अ‍ॅपमध्ये 'पेंडिंग' कोड बघत राहा, दिवा लागण्याआधी कोड तिथे येतो. कोड न पुसताही दोष खरोखर गेला असेल तर बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन नीट फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

१०. गॅरेजला जाताना

कोडांचे फोटो, फ्रीझ फ्रेम, आपली नोंद आणि काय काय तपासलं ते दाखवा. मिस्त्रीला निकाल सांगू नका, लक्षण सांगा. "सेन्सर बदला" म्हणालात तर तो बदलेल, बिल तुमचं. पार्ट बदलण्याआधी विचारा: वायर तपासली का, ५ व्होल्ट येतात का, इंजेक्टरची परतीची तपासणी केली का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. जुना पार्ट परत घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. नवा इंजेक्टर बसवला तर अनेक गाड्यांत त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो, तो भरला का ते विचारा, आणि खालचा तांब्याचा वायसर नवाच लावायला सांगा. दुसऱ्या गाडीचा जुना ईसीयू 'लावून बघू' म्हटलं तर नको म्हणा.

पासिंगची तारीख जवळ असेल तर काम आधी उरका. गाडी एमएच-१० असो, एमएच-११ असो की कऱ्हाडची एमएच-५०, मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि आधीचं फिटनेस एका फायलीत ठेवा. धूर जास्त असेल तर पीयूसीलाच अडकाल.

११. जुनी पिकअप घ्यायला जाताना

अ‍ॅडॅप्टर सोबत न्या. दिवा बंद आहे आणि एकही कोड नाही एवढ्यावर सौदा करू नका. बहुतेक अ‍ॅपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' दिसतं. मालक म्हणत असेल गाडीला कधी काही झालं नाही, आणि तिथे दहा-बारा किलोमीटर दिसत असतील, तर कोड कालच पुसलेत. अशा वेळी गाडी भरून एखादा चढ चालवून दाखवायला सांगा, खाली आल्यावर पुन्हा स्कॅन करा, आणि मगच टोकन द्या.